फिरता दवाखाना: दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत रुग्णांकडे कोणी बघायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा गट आडबाजूच्या गावांसाठी फिरता दवाखाना चालवतो. गाडीत एक नर्स आणि एक पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी), डॉक्टर फोनवर. तपासण्या नीट होतात, लोक विश्वासाने येतात. खरी अडचण गाडी निघून गेल्यावर सुरू होते.

एका आजींचं सांगते. पाय सुजलेले, उठलं की चक्कर. पॅरामेडिक त्यांच्यासोबत घरी गेला आणि औषधांची पिशवी अंथरुणावर रिकामी केली. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीच्या दोन पट्ट्या निघाल्या, कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आणि आजी दोन्ही रोज घेत होत्या. या गोळीने पायांना सूज येऊ शकते, डोस वाढला की जास्तच. ती उतरावी म्हणून कोणीतरी लघवीची गोळी सुरू केलेली. गाडीच्या दारात बीपी मोजून हे कधीच कळलं नसतं. डॉक्टरांनी फोनवर एक पट्टी बंद करायला सांगितली आणि लघवीच्या गोळीचं आठवड्याने बीपी बघून ठरवू म्हणाले. पण आठवड्याने बघणार कोण? गाडी तेव्हा दुसऱ्याच गावात असते.

कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या लाँग आणि ब्रायर बेटांवर राहणारा डॉक्टर नव्हता. तिथे पॅरामेडिक, नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिक्षण घेतलेली, तपासून औषध लिहून देऊ शकणारी नर्स) आणि बेटाबाहेरचा डॉक्टर अशी घडी बसवली गेली. कॉल नसताना पॅरामेडिक घरोघरी जाऊन बीपी, शुगर, ड्रेसिंग बघत. अमेरिकेत मिनेसोटाने 2011 मध्ये अशा घरोघरी जाणाऱ्या ‘कम्युनिटी पॅरामेडिक’ला कायद्याने मान्यता दिली. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की माणूस तिथलाच असतो, रोज भेटणारा. आमच्याकडे नेमकी तीच कडी नाही.

म्हणून अनुभवी लोकांना विचारते. स्थानिक माणसाला शिकवून मधल्या भेटी कोणी चालवल्या आहेत का? डॉक्टरांनी आधीच सही करून दिलेल्या लेखी सूचना वापरत असाल, तर त्यात मर्यादा कुठे आखता? बीपी 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलणं अडखळणं असेल तर थेट रुग्णवाहिका, इथवर आमचं ठरलंय. गोंधळ आहे तो त्याखालच्या आकड्यांचा, जिथे रुग्णाला काहीच त्रास जाणवत नाही. तिथे गोळीचा डोस बदलायचा निर्णय प्रत्येक वेळी फोनवरच घ्यायचा का? आणि फोनला रेंज नसेल तेव्हा?

नोंदींचंही सांगा. वही रुग्णाकडेच ठेवावी असं माझं मत आहे, कारण आणीबाणीत तो भलत्याच दवाखान्यात पोहोचतो आणि आमच्या टॅबमधली माहिती तिथे कोणालाच दिसत नाही.

जाता जाता, इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवताना ते बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठू नये म्हणून गाडीत काय करता? कोणाकडे लेखी सूचनांचा नमुना असेल, तर रुग्णांची नावं काढून इथे टाकाल का?