'क्रीडोपचार' की 'खेळोपचार'? आणि 'समुपदेशना'तला उपदेश

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील पालकांसाठी मी एक माहितीपत्रक तयार करीत आहे. 'प्ले थेरपी'साठी, म्हणजे खेळाच्या माध्यमातून मुलांच्या मनावर केल्या जाणाऱ्या उपचारासाठी, मसुद्यात 'क्रीडोपचार' हा शब्द योजला होता, तो वाचून एका आजोबांनी नातवाचा गुडघा दाखवायला कोणत्या दिवशी आणू, अशी विचारणा केली. 'खेळोपचार' शुद्ध ठरेल का? 'समुपदेशन' तसेच ठेवावे का?

उत्तर : आजोबांचे काही चुकले नाही. क्रीडा संकुल, क्रीडा शिक्षक, क्रीडा अधिकारी हे शब्द इतके रुळले आहेत की 'क्रीडा' म्हटले की मैदान आणि शिट्टीच आठवते. भातुकलीला क्रीडा कोणी म्हणत नाही. तद्भव (म्हणजे संस्कृतातून रूप बदलून मराठीत आलेल्या) शब्दाला संस्कृत संधी लावली म्हणून 'खेळोपचारा'वर नाक मुरडणारे भेटतील, परंतु अरबी 'जिल्हा'ला 'अधिकारी' जोडून झालेला 'जिल्हाधिकारी' तेही बिनतक्रार वापरतात.

'खेळ' हवा त्याला आणखी एक कारण आहे. मराठीत खेळ मांडतात, आणि या उपचारात मूल अक्षरशः तेच करते. बालमानसोपचारतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी लंडनमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस वाळूची उथळ पेटी आणि चिमुकल्या वस्तू मुलांपुढे ठेवल्या, तेव्हा त्या मांडामांडीला मुलांनीच 'जग' हे नाव दिले. एखादे मूल त्या पेटीत घर, गाय, पोलीस मांडते आणि एकच बाहुली कोपऱ्यात वाळूखाली पुरून ठेवते. जवळ बसलेली व्यक्ती 'असे का केलेस?' म्हणून तिला उकरून काढीत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली मांडलेल्या पद्धतीत तर खेळाची दिशा मुलानेच ठरवायची असते. (आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली सासरची गाऱ्हाणी खेळातच गातात, हे या निमित्ताने आठवले. तो उपचार नव्हे, पण खेळाच्या आडून बोलण्याची रीत खानदेशाला नवी नाही.)

'समुपदेशना'ची अडचण अधिक खोल आहे. 'दिश्' म्हणजे दाखवणे. 'उपदेश' त्याच धातूपासून आला, आणि मराठीत त्याला वडीलधाऱ्यांच्या शिकवणीचा वास चिकटला. त्यामुळे पालक मुलाला घेऊन येतात ते "याले जराखं समजाडी सांगा" असे म्हणत, आणि मूल दारातच मान खाली घालते. तरीही अभ्यासक्रमांत आणि पदनामांत हा शब्द स्थिरावला असल्याने तो बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्याच्या पहिल्या उल्लेखानंतर 'येथे मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाते' एवढे वाक्य घालावे.

दुसरे उत्तर : 'खेळोपचार' मान्य, मात्र पत्रकात 'खेळातून उपचार' असेच सुटे लिहावे. आमच्या धुळ्याकडे 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे 'खेय' म्हणणाऱ्या आजीला जोडशब्द वाचून दाखवला तर ती तो ओळखणार नाही. "पोरे घर बी खेयतस, मंग तठे काय?" (मुले घरीही खेळतात, मग तिथे वेगळे काय?) हा तिचा प्रश्न मात्र रास्त आहे, त्याचे उत्तर पत्रकात असावे. मोठ्या मुलांसाठी 'पौगंडावस्था' हा शब्द टाळावा. संस्कृत वयोगणनेत पौगंड दहाव्या वर्षापर्यंत आणि कैशोर पंधराव्यापर्यंत मानले आहे. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी 'किशोर' हाच शब्द घेतला आहे, आणि तो स्वतःबद्दल वाचताना आठवीतल्या मुलाला अवघडल्यासारखेही वाटत नाही.