साथीच्या दिवसांत वृद्धाश्रमातल्या भेटी सरसकट बंद ठेवाव्यात का?

अंबाझरी:
पावसाळा उतरणीला लागला की नागपुरातल्या काही वृद्धाश्रमांच्या फाटकावर पाटी लागते: 'फ्लूची साथ. पुढील सूचनेपर्यंत भेटी बंद.' हे धोरण चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आया, स्वयंपाकी, सफाई कामगार, फिजिओथेरपिस्ट रोज बाहेरून आत येतात. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं ही सगळी कामं त्यांच्या हातची, म्हणजे सर्वांत जवळचा आणि सर्वांत जास्त वेळचा संपर्क त्यांचाच. भेटीला आलेली लेक तासभर एकाच माणसाजवळ बसते. तिला अडवून दार बंद होत नाही. उलट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या पोटात ओळखीच्या हातून चार घास जास्त जातात. माकडहाडाजवळ लाल झालेली कातडी, सैल झालेली कवळी, एकाच पायाला आलेली सूज हेही घरच्याच नजरेला आधी दिसतं. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नियमच आहे की, अपवादात्मक परिस्थिती वगळता केअर होमला भेट नाकारता येत नाही. कोविडमधल्या बंदीने काय केलं, ते पाहूनच तो झाला.

सक्करदरा:
तिथे बहुतेकांना स्वतंत्र खोली असते, ताई. आपल्याकडे एका हॉलमध्ये आठ-दहा खाटा. एकाचा पाहुणा तो सगळ्यांचा पाहुणा.

फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू सोडू लागतो, आणि पुढे ५ ते ७ दिवस सोडतो. फाटकावरची थर्मल गन त्याला पकडत नाही. पॅरासिटामॉल घेऊन आलेल्यालाही नाही. उन्हातून आलेल्याचं कपाळ मात्र उगाच तापलेलं दाखवते. आत तर आणखी अवघड: ऐंशी वर्षांच्या माणसाला फ्लूमध्ये ताप येईलच असं नाही. अचानक बरळणं, जेवण टाकणं, तोल जाऊन पडणं, एवढंच दिसतं. कळेपर्यंत शेजारच्या खाटांवरही लागण झालेली असते. मनुष्यबळ म्हणाल तर आमच्या आश्रमात हॉलला दोन आया आणि फाटकावर एक चौकीदार. त्याला पाळता येईल असा एकच नियम आहे, तो म्हणजे बंदी.

मेडिकल_चौक:
हॉलचा मुद्दा बरोबर आहे, भाऊ. पण मग भेट हॉलमध्ये द्यायचीच कशाला? उठून बसू शकणाऱ्याला चाकाच्या खुर्चीत बाहेर आणा. व्हरांडा असेल तर उत्तम, पण नागपूरच्या मे महिन्यात सकाळी साडेआठनंतर तो विषय संपतो. ४४-४५ अंशांत म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवणं हे फ्लूपेक्षा मोठं संकट. तेव्हा एक खोली भेटीसाठी ठेवायची आणि तिथे एसी नाही, कूलर लावायचा.

कारण साधं आहे. खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली की खोलीतली हवा सतत बाहेर पडते. स्प्लिट एसी तीच ती हवा फिरवतो. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावल्या तर त्याचाही उपयोग शून्य, वर दमटपणा. खोलीत उच्छ्वास साचत नाही ना याची खात्री करायची तर कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घ्या. मोकळ्या हवेत ते साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतं. खोलीत ८०० च्या आत असेल तर ठीक, १००० च्या वर गेलं तर खिडकी आणखी उघडा किंवा माणसं कमी करा. कूलरची टाकी मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासायलाच हवी, नाहीतर फ्लू टळेल आणि डेंग्यू होईल. थंडीत कूलर उतरवला की त्याच खिडकीत बाहेर तोंड करून एक्झॉस्ट पंखा.

आता चौकीदार. त्याच्या हातून थर्मल गन काढा आणि प्रश्नांचा कागद द्या. दोन दिवसांत उलटी-जुलाब? पाच दिवसांत सर्दी, खोकला, घसादुखी, ताप? दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला? घरात कुणाला अंगावर पुरळ, कांजिण्या, डोळे आलेत? रात्री वाढणारी खाज? एकालाही 'हो' आलं तर त्या दिवशी व्हिडिओ कॉल, आणि पुढची तारीख तिथल्या तिथे द्यायची. जुना खोकला असेल तर आधी टीबीसाठी थुंकीची तपासणी. हेच प्रश्न आदल्या दिवशी फोनवर विचारले तर जास्त खरी उत्तरं मिळतात. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला मुलगा फाटकावर 'मला सर्दी आहे' म्हणणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मास्क तीन पदरी किंवा एन-९५, पण व्हॉल्व्हवाला नको. तो उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो. ऐकू कमी येणाऱ्यासमोर मास्क खाली ओढून ओरडू नका. ज्या कानाने बरं ऐकू येतं, त्या बाजूला बसून सावकाश, खालच्या पट्टीत बोला.

गोरेवाडा:
मूळ गोष्ट कोणी बोलूनच नाही राहिलं. वाढदिवसवाले! वीस-तीस माणसं, लहान पोरं, केकवर फुंकर, मग तोच केक हॉलभर भरवायचा, प्रत्येक खाटेजवळ फोटो. एकाला खोकला असला तरी सगळ्या खाटा फिरून होतात. सख्ख्या लेकीला बंदी अन् यांना परवानगी, हे काहून?

सक्करदरा:
कारण महिन्याचं धान्य त्यांच्याकडून येतं. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला हे बोलायला सोपं नाही.

गोरेवाडा:
धान्य फाटकात घ्या. दोन माणसं आत, व्हरांड्यापर्यंत, केक नाही. ज्याला खरंच द्यायचं आहे तो एवढ्यासाठी परत नाही जात.

उमरेड_रोड:
सॅनिटायझरबद्दल. बहुतेक ठिकाणी दाराशी बाटली ठेवली की काम झालं असं समजतात. फ्लू, कोविडसाठी ६० टक्क्यांवर अल्कोहोल असलेलं चालतं. हात सुकेपर्यंत २०-३० सेकंद चोळायचं. पण वृद्धाश्रमात सर्वांत वेगाने पसरणाऱ्या आजारांत उलटी-जुलाबाचा नोरोव्हायरस आहे, आणि त्याच्यावर अल्कोहोल फारसं चालत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच. म्हणून फाटकाच्या आत, हॉलच्या आधी बेसिन हवं. अंगठा, बोटांची टोकं, अंगठीखालची जागा हमखास राहून जाते.

कुणी ओकलं तर आधी हातमोजे आणि मास्क, खिडकी उघडी, घाण कागदाने टिपून पिशवीत बांधायची. ती तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं. मग ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (म्हणजे तेच ब्लीच) १०० मिली आणि पाणी ९०० मिली या मिश्रणाने जागा ओली करून १० मिनिटं थांबायचं. दाराच्या मुठी, खाटेचे कठडे, नळ रोज पुसायला लिटरभर पाण्यात २० मिली पुरतं. मिश्रण रोज नवं करा. आपल्या उन्हाळ्यात कॅनमधला मूळ द्रवही लवकर कमजोर होतो. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

खाऊ: सांबारवडी, पुरणपोळी जरूर आणा, पण तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर शिजलेला पदार्थ तासाभरात संपवा. उरलेला उशाशी ठेवून जाऊ नका. संत्री अख्खी आणा, धुवा, तिथेच सोला, बिया आणि साल काढून द्या. गिळायला त्रास असेल तर आधी आयांना विचारा.

सक्करदरा:
हे सगळं साथ आत शिरण्याआधीचं. शिरल्यावर काय? तेव्हाही दार उघडं?

मेडिकल_चौक:
नाही. तेव्हा बंद करायचं, पण त्या हॉलपुरतं, आणि पाटीवर 'पुढील सूचनेपर्यंत' न लिहिता कारण आणि फेरविचाराची तारीख लिहायची. जुलाबाच्या साथीत शेवटच्या रुग्णाची शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यावर किमान ४८ तास. फ्लूमध्ये नवा रुग्ण न सापडलेले सलग सात दिवस, असं मी धरते. तेव्हाही दोघांना आत सोडायचंच: प्रत्येक रहिवाशामागे नाव लिहून ठेवलेला एक घरचा माणूस, जो मास्क, हातमोजे शिकून घेईल, आणि ज्याचे शेवटचे दिवस आहेत त्याचे जवळचे.

खरजेचं गणित वेगळं आहे. पहिल्यांदा झाली तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर ती हात धरून बसणाऱ्यांपर्यंत पोचलेली असते. सगळ्या जवळच्यांना, भेटीला येणाऱ्या लेकीसकट, एकाच दिवशी ५ टक्के परमेथ्रिन (खरजेचं मलम) लावायचं: मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखाली, म्हाताऱ्यांना डॉक्टरांना विचारून डोक्यालाही. ८ ते १४ तासांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. चादरी, कपडे गरम पाण्यात. धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस. एक जण लावायचा राहिला की सगळं पहिल्यापासून.

अंबाझरी:
आणि लस? फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, लागू पडायला दोन आठवडे जातात. पावसाळ्याआधी ती रहिवाशांना आणि त्याहून आधी आयांना दिली, तर बंदीची पाटी लावायची वेळच कमी येईल. त्यांना आजारपणाची भरपगारी रजाही द्यायला हवी. पगार कापला जातो म्हणून ताप अंगावर काढून कामावर येणारी आया, हाच या सगळ्या चर्चेतला सर्वांत मोठा धोका आहे.

सक्करदरा:
रजेचं पटतं. पण एक आया रजेवर गेली की दहा खाटांमागे एकच उरते, आणि बदलीची बाई एजन्सीकडून आणली तर ती काल दुसऱ्या आश्रमात होती. भेटीच्या खोलीला आणि प्रश्नांच्या कागदाला मी तयार आहे. बदलीच्या आयांचा खर्च महिन्याच्या शुल्कात धरायला किती घरचे तयार होतील, ते सांगा.

अंबाझरी:
रहिवाशांच्या घरच्यांच्या पुढच्या सभेत हाच विषय आधी घ्या. दोन पक्क्या बदली आया, फक्त तुमच्याच आश्रमासाठी, त्यांचा पगार सगळ्या घरांत वाटून. मी तरी हात वर करेन.