शंभर रुपयांत बाई खूश?

वरणफळ
‘शिक्षकदिनाला बाईंना द्यायला शंभर रुपयांच्या आतल्या भेटवस्तू’ हा कालचा धागा वाचून डोकं फिरलं. कॉफी मग, कीचेन, फोटोफ्रेम, ‘बेस्ट टीचर’ छापलेली उशी! तिथंच उत्तर देणार होते, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझी आई ३१ वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवत होती. निवृत्तीनंतर माळ्यावरची खोकी काढली तर नुसते पेनस्टँड, मग आणि गणपती. निम्मं आम्ही संक्रांतीला वाण म्हणून लुटलं. कपाटात साड्यांच्या घडीखाली मात्र एका आईची चिठ्ठी अजून आहे. वहीचा फाडलेला कागद. ‘बाई, तुम्ही त्याला ऑफिसातून खडू आणायला पाठवता तेव्हापासून तो सकाळी रडत नाही.’ बस, एवढंच.

तेव्हा वस्तू देऊच नका. चिठ्ठी लिहा, आणि बाईंनी नेमकं काय केलं ते लिहा. ‘यू आर द बेस्ट’ तर मगावरही असतं.

ठाणेकर_बाबा
चिठ्ठी लिहायला वेळ आहे कुणाला? आमच्या पालक ग्रुपवर माणशी ३०० काढायला लावलेत. ४२ मुलं, म्हणजे १२,६००. सेमी पैठणी आणि चांदीचं नाणं. मी ‘गरज आहे का’ विचारलं तर एक ताई म्हणाल्या, ‘अडचण असेल तर तुमचे आम्ही भरतो, भाऊ.’ चारचौघांत! आणि गॅदरिंगला कुणाची पोरं पुढच्या रांगेत नाचतात तेही बघतोय.

तीन_वर्षं_वर्गप्रतिनिधी
गॅदरिंगला उंचीप्रमाणे उभं करतात हो. तुमचा मुलगा उंच असेल.

वर्गणी गोळा करणं काय असतं ते एकदा करून बघा. गुलाब आदल्या दिवशी पाचला, ५ सप्टेंबरला वीसला. पैसे न देणारे चौघं आणि ‘पावती कुठाय’ विचारणारे सहा, त्यातले तीन त्या चौघांतलेच.

निळी_शाई
मुळात ५ सप्टेंबरच का? ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, तो खरा शिक्षकदिन. यावर कुणी बोलणार नाही.

तीन_वर्षं_वर्गप्रतिनिधी
बोलू की. पण लोक तेव्हाही मगच देणार.

एकशिक्षकी
मी जिल्हा परिषदेचा गुरुजी. चिठ्ठ्या लिहा म्हणणाऱ्या ताईंना नमस्कार. माझ्याकडचे बरेच पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ते अंगठा लावतात. तरी भेटी येतात. हुरडा येतो, भुईमुगाच्या शेंगा येतात. एका बापानं पोरगी तोडीवर न नेता आजीपाशी ठेवली, ‘गुरुजी, तुमच्या जिवावर ठेवली’ म्हणाला. त्याला कितीचा मग म्हणायचं?

आणि सत्कारच करायचा असेल तर आम्हाला मतदारयाद्यांच्या कामातून सोडवा. शिकवायला वेळ द्या, तीच भेट.

ठाणेकर_बाबा
आलं, बीएलओचं, म्हणजे मतदारयादीच्या ड्युटीचं, रडगाणं आलं! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं द्यायला बंदी आहे, पण त्या बंदीतून निवडणूक, जनगणना, आपत्तीची कामं स्पष्ट वगळलेली आहेत. म्हणजे ती तुम्हाला देता येतात. वाचा जरा.

एकशिक्षकी
वाचलंय, साहेब. दशवार्षिक जनगणना म्हटलंय, दहा वर्षांतून एकदा. खिचडीचा तांदूळ मोजणं, आधार जुळवणं, रोज नवीन लिंकवर माहिती भरणं कुठल्या कलमात बसतं? लिंक उघडायला मी टेकडीवर जातो. तेवढा वेळ चार इयत्ता एकट्या बसतात.

ठाणेकर_बाबा
सातवा वेतन आयोग घेऊन टेकडीवर जाता. आमच्याकडे आयटीत रात्री दोनला कॉल असतात, कुणी गुलाब देत नाही.

एकशिक्षकी
शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना ६,००० वर काढलीत मी. २०२३ मध्ये ते १६,००० झाले, तेव्हा आम्ही कायम होऊन बसलो होतो. तुमच्या कॉलला गुलाब पाठवतो, पत्ता द्या.

वरणफळ
अहो, धागा चिठ्ठीचा आहे!

दुसरी_ब_च्या_मॅडम
तुम्ही दोघं कायम पगारावर भांडा. मी विनाअनुदानित इंग्रजी माध्यमात आहे. खात्यावर जमा होतात त्यातले काही रोखीनं परत द्यावे लागतात. हातात ११,००० राहतात. शाळेचं नाव विचारू नका, नोकरी हवीय.

वरणफळ, तुमच्या आईंना पेन्शन असेल. मला चिठ्ठीनं घरभाडं देता येत नाही. गेल्या वर्षी पाच मग आले, एकाच दुकानातले. ते १२,६०० मला रोख मिळाले असते तर मी नाचले असते, पुढच्या रांगेत.

वरणफळ
हे बोचलं. पेन्शन आहे, खरंय. पण रोख द्यायचं म्हणजे उद्या ज्यांना जमत नाही त्यांच्या मुलांचं काय?

दुसरी_ब_च्या_मॅडम
रोख द्या म्हणतच नाहीये. घेणारही नाही, लगेच तक्रार होते. तेच सांगायचंय. मे महिन्यात आमचं पुढच्या वर्षाचं ठरतं. तेव्हा तक्रारींची फाइल उघडतात. ‘डबा संपवला नाही तरी मॅडम बघत नाहीत’, ‘होमवर्क कमी देतात’, सगळं तारखेनिशी. कौतुक गेटवर तोंडी होतं, त्याची फाइल नसते. चिठ्ठी लिहायचीच तर मला नका देऊ. मुख्याध्यापकांच्या नावानं अर्ज करा, काय केलं ते दोन ओळीत, खाली सही, आणि ऑफिसात इनवर्ड करून, म्हणजे आवक नोंद करून, पोच घ्या. कागद आणि झेरॉक्स, पाच रुपयांत होतं.

एकशिक्षकी
आमच्याकडे तोच कागद आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना. अंगठा चालतो.

वरणफळ
मूळ पोस्टमध्ये प्रत मुख्याध्यापकांना द्या असं लिहायचं राहिलं माझं. मॅडम जिंकल्या.

ठाणेकर_बाबा
इनवर्ड नंबर असलेलं कौतुकपत्र! हे आपल्याकडेच सुचू शकतं. बरं, लिहितो. पोरगा पाढे म्हणायला घाबरायचा, आता आंघोळ करताना सतरापर्यंत म्हणतो, ते त्यांचंच काम आहे. गुरुजी, सातव्या आयोगाचं बोलणं मागे घेतो. बीएलओचं नाही.

तीनशे मात्र सकाळीच भरलेत. परत मिळतील का, प्रतिनिधी बाई?

तीन_वर्षं_वर्गप्रतिनिधी
पैठणी घेऊन झाली. पावती हवीय का?