कॅसेटीत फुंकर मारू नका
वर एका दादांनी लिहिलंय की टीव्ही गेमची कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारून परत लावा, ते प्लीज करू नका, आपल्याकडे कोकणात तर मुळीच नको. आमचं घर मालवणात, समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा बारा महिने, त्यात पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, मग कॅसेटच्या पिनांचं तांबं हिरवं पडणार नाही तर काय. फुंकरीबरोबर तोंडातला ओलावा आत जातो आणि गंज वाढतो, गेम बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीनेही फुंकू नका असंच सांगितलंय. फुंकल्यावर चालते ती बहुतेकदा काढून परत लावल्यामुळे, पिना नव्याने टेकतात म्हणून.

गेल्या गणपतीत माळ्यावरून मामांचा जुना टीव्ही गेम काढला, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल, 60 पिनांच्या कॅसेटवाला. कॅसेट उघडली तर कडेच्या चार पिना शेवाळासारख्या हिरव्या. कापसाच्या काडीवर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसत बसलो, तीन काड्या काळ्या झाल्या तेव्हा कुठे चौथी पांढरी निघाली. खोडरबर शक्यतो नकोच, वरचा मुलामा निघतो. तरी गेम सुरू होईना, व्होल्टेज मोजायचा मीटर लावला तर 7805 गेलेला, हा 5 व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर, अगदी स्वस्तात मिळतो, बदलला आणि पडद्यावर चित्र आलं. आवाज ऐकून मामा पडवीतून आत आले आणि काही न बोलता दुसरा कंट्रोलर हातात घेतला, मला फार बरं वाटलं.

आता सगळ्या कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, पुड्या दर पावसाळ्याआधी बदलतो.