रंगीत पाणलावा आणि तापस यांची छायाचित्रे त्यांना न बिचकवता कशी घ्यावीत?

गोदाकाठ (प्रश्न):
नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर या पाणथळ अभयारण्यात मी हिवाळ्यात नियमित जातो. शेकाट्या, वारकरी, थापट्या हे पक्षी उघड्या पाण्यावर वावरत असल्यामुळे त्यांची छायाचित्रे मिळतात. रंगीत पाणलावा आणि पिवळा तापस मात्र चाहूल लागताच पाणकणसात (काठावर दाट वाढणाऱ्या उंच पाणवनस्पतीत) शिरतात आणि हाती लागतात ती केवळ पाठमोरी, अस्पष्ट चित्रे. माझ्याकडे १५०-६०० मिलिमीटरची लेन्स आहे. काही परिचित मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढतात. तसे करणे मला पटत नाही, परंतु दुसरा मार्गही सापडलेला नाही. बसावे कुठे, कोणत्या वेळी आणि कॅमेऱ्याची मांडणी कशी ठेवावी?

पाणथळवाट:
लेन्स पुरेशी आहे, त्यामुळे जवळ जाण्याचा विचार सोडून द्यावा. रंगीत पाणलावा प्रामुख्याने पहाटे आणि संध्याकाळी चिखलात किडे, गांडुळे, गोगलगायी टिपतो. धोका जाणवला की तो लगेच उडत नाही, तर जागच्या जागी थिजून उभा राहतो, आणि अनेकांना वाटते की पक्षी शांत आहे, आता चार पावले पुढे सरकायला हरकत नाही. प्रत्यक्षात त्या क्षणी तो घाबरलेला असतो. म्हणून पाणकणसाची कड आणि ओला चिखल जिथे मिळतात अशी जागा आदल्या दिवशी हेरून ठेवावी, उजाडण्यापूर्वी सूर्य पाठीशी राहील अशा बेताने तिथे बसावे आणि मग जागा बदलू नये. पक्षी शेपटीकडचा भाग खालीवर हलवत पुन्हा चरू लागला, म्हणजे त्याने आपली उपस्थिती मान्य केली असे समजावे. चित्र घ्यायचे ते तेव्हा. काठालगत रस्ता असेल तर गाडीच्या खिडकीतून काम करणे उत्तम, कारण चालत्या माणसाला बिचकणारे पक्षी उभ्या गाडीकडे बहुधा दुर्लक्ष करतात.

कडवा:
कॅमेऱ्याविषयी थोडक्यात लिहितो. डोळा शोधणारा ऑटोफोकस समोरच्या काड्यांवर अडकतो, म्हणून एकच लहान फोकसबिंदू निवडावा. तापस मान उंचावून, चोच आभाळाकडे करून काड्यांमध्ये मिसळून जातो. तो हलत नसल्यामुळे मंद प्रकाशात १/२५० सेकंद इतका शटरवेग पुरतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पर्यंत नेण्यास कचरू नये. नीरव शटर असल्यास अवश्य वापरावे आणि फ्लॅश कटाक्षाने टाळावा.

पाणकणीस:
आवाज वाजवण्याबद्दल तुम्हाला वाटणारी शंका रास्त आहे. रंगीत पाणलाव्यात मादी अधिक रंगीत असते, संध्याकाळची ती घुमणारी हाकही तिचीच असते, आणि एक मादी एकाच हंगामात अनेक नरांशी जोडी जमवू शकते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही कामे एकटा नर करतो. (मला स्वतःला त्या फिकट, ठिपकेदार नराचे छायाचित्र मादीच्या चित्रापेक्षा अधिक मोलाचे वाटते.) रेकॉर्ड केलेली हाक ऐकून मादीला आपल्या हद्दीत दुसरी मादी शिरल्याचा भास होतो, आणि चरण्याचा मोजका वेळ ती त्या आवाजामागे घालवते. नर घरट्यावरून उठला तर जमिनीवरची अंडी उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडी पडतात, आणि त्यांची राखण करायला दुसरे कोणी नसते. घरट्यातील अंड्यांना उपद्रव देणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत मोडते, हेही त्या परिचितांना सांगावे.

हा पक्षी वर्षातील जवळपास कोणत्याही महिन्यात घरटे करू शकतो, त्यामुळे हिवाळ्यातही निर्धास्त राहू नये. नर एकाच जागी पुन्हा पुन्हा परतत असेल किंवा पंख पसरून आपल्याला भिववू पाहत असेल, तर कॅमेरा आवरून आल्या वाटेने मागे फिरावे आणि ती जागा कोणालाही कळवू नये. छायाचित्र प्रसिद्ध करताना त्यातील स्थाननोंद काढून टाकावी आणि केवळ तालुक्याचे नाव द्यावे.