वाचनकट्टा ग्रुप : पिवळा वॉलपेपर आणि बाळंतिणीची खोली

*ए-२०४ सर, शनिवार, रात्री ८:४०*
नमस्कार मंडळी. या महिन्याची कथा सगळ्यांकडे पोचली आहे. शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर', पहिली प्रसिद्धी जानेवारी १८९२, 'न्यू इंग्लंड मॅगझिन'. सुमारे सहा हजार शब्दांची आहे, एका बैठकीत होते. खाली शेवटावर बोलणं होणार, तेव्हा ज्यांची वाचून झाली नाही त्यांनी आधी वाचा, मग इकडे या.

वाचताना एक करा. बाळाचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीने खूण करा. नुकती आई झालेल्या बाईची गोष्ट, आणि बाळ जेमतेम दोन-तीन ठिकाणी. मेरी नावाची बाई त्याला सांभाळते, आई म्हणते की बाळ गोड आहे, पण त्याच्याजवळ थांबलं की जीव घाबरा होतो. पुढच्या ओळीत विषय बदललेला असतो. माझ्या मते कथेतली सगळ्यात भयंकर जागा ती आहे, वॉलपेपर नव्हे.

*ई-४०१, रात्री ८:५२*
सर, थ्रिलर म्हणून मला पहिला एक तृतीयांश भाग फारच संथ वाटला. हल्लीच्या आईपणावरच्या थ्रिलरमध्ये पहिल्या दहा पानांत प्रश्न टाकलेला असतो : बाळात काहीतरी वावगं आहे, की आईच्या डोक्यात? इथे तसं काहीच नाही. नवरा डॉक्टर, उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतलेलं मोठं घर, विश्रांती. धक्का शेवटच्या दोन पानांत.

*डी-१०५ (अनुवाद), रात्री ९:०४*
धक्का शेवटी नाहीये रे. सगळं सामान आधीच मांडून ठेवलंय, फक्त निवेदिका त्याचा अर्थ चुकीचा लावते. खिडक्यांना गज, भिंतीत कड्या, जमिनीला खिळून टाकलेला पलंग, जिन्याच्या तोंडाशी फाटक. ती म्हणते, इथे पूर्वी मुलांची खोली असणार. मग उचकटलेला कागद, ओरखडलेली जमीन, उकरलेलं प्लास्टर. तेही 'मुलांनी' केलेलं. पलंग तर चक्क कुरतडलेला. काही ओळींनी ती सहज लिहून जाते की रागाने पलंगाचा कोपरा चावला तर दात दुखले.

दुसऱ्या वाचनात भिंतीच्या तळाशी असलेला तो घासलेला पट्टा बघ. तिला नवल वाटतं की हा केला कुणी आणि कशासाठी. शेवटी तिचा खांदा त्या पट्ट्यात नेमका बसतो. नणंद जेनी आधीच तक्रार करून गेलेली असते की कपड्यांना पिवळे डाग लागताहेत. म्हणजे हे बरेच दिवस चालू आहे आणि आपल्याला ती सांगतच नव्हती.

*ई-४०१, रात्री ९:०९*
जेनीची ती ओळ मी कपडे धुण्याची कटकट समजून सोडून दिली होती. परत वाचतो.

*बी-३०२ काकू, रात्री ९:१५*
मला नवऱ्याचा राग येतो, पण वाईट माणूस म्हणून नाही. जॉन प्रेमळ आहे, उचलून खोलीत नेतो, वाचून दाखवतो. ऐकत मात्र काहीच नाही. तिने खालची, व्हरांड्यावर उघडणारी, गुलाबांची खोली मागितली. दिली वरची. लोकांना भेटू दे म्हणाली. नाही. लिहू दे. नाही. बायकोची प्रत्येक मागणी तो आजाराचं लक्षण धरतो, त्यामुळे तिला खरं बोलायला जागाच उरत नाही. मग ती लपवायला शिकते. डायरी लपवते, झोप येत नाही हे लपवते, नंतर दोर लपवते.

*ए-२०४ सर, रात्री ९:२८*
काकू, जॉन जे करतो ते त्या काळचं प्रमाण मानलेलं औषधपाणी होतं. फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल यांची 'विश्रांती-चिकित्सा'. अमेरिकन यादवी युद्धात मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक त्यांनी तपासले होते. पुढे १८७७ मध्ये 'फॅट अँड ब्लड' हे पुस्तक लिहिलं. पद्धत अशी : सहा ते आठ आठवडे अंथरूण, घरच्यांपासून दूर, भरपूर दूध आणि वजन वाढवणारा आहार, मालिश, स्नायूंना विजेचे सौम्य झटके. वाचन-लेखन बंद. कथेत मिचेलचं नाव थेट येतं. जॉन बायकोला धाक घालतो की लवकर सुधारली नाहीस तर त्यांच्याकडे पाठवीन.

गिलमनची मुलगी १८८५ मध्ये झाली, त्यानंतर तिला खोल नैराश्य आलं, आणि १८८७ च्या वसंतात ती मिचेलकडे दाखल झाली. घरी सोडताना मिळालेला सल्ला तिने १९१३ मध्ये स्वतःच छापला : जास्तीत जास्त घरगुती आयुष्य जगा, दिवसाला दोनच तास बौद्धिक काम, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना पुन्हा कधी हात लावू नका. सुमारे तीन महिने तिने हे पाळलं आणि वेडाच्या कडेपर्यंत गेली, असं ती लिहिते.

याला आपला एक धागा आहे. त्याच फिलाडेल्फियात, ११ मार्च १८८६ रोजी, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांचं प्रसूतिशास्त्र. त्यांचा स्वतःचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत गिलमन मिचेलच्या दारात उभी राहिली.

*डी-१०५ (अनुवाद), रात्री ९:३३*
सर, मी या कथेचा मराठी अनुवाद करतेय, त्याच्या प्रस्तावनेत हे घ्यायलाच हवं.

*सी-६०१ डॉक्टर, रात्री ९:५०*
निवेदिकेला नक्की काय झालंय असं तिघांनी मला वेगळं विचारलं, म्हणून इथेच लिहिते. कथा आहे, रुग्णाची फाइल नाही, तरी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण थ्रिलर लिहिणारे त्या सर्रास एकत्र कालवतात.

पहिली, बाळंतपणानंतरचं रडूबाई होणं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त, दोन आठवड्यांत ओसरतं. निम्म्याहून अधिक बायकांना होतं. झोप, जेवण, धीर एवढं पुरतं.

दुसरी, प्रसूतीनंतरचं नैराश्य. दोन आठवडे उलटले तरी उतरत नाही. कशातच रस नाही, अपराधी वाटणं, बाळ झोपलं तरी स्वतःला झोप नाही. कथेचा पहिला भाग इथे बसतो.

तिसरी, प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार बाळंतपणांमागे एक ते दोन. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एकदम सुरू होतो. रात्र रात्र जागी तरी थकवा नाही, बोलण्यात गोंधळ, संशय, भास, बाळाबद्दल विचित्र ठाम समजुती. ही आणीबाणी आहे, त्याच दिवशी रुग्णालय. आणि यातली अवघड बाब अशी की तासातासाला अवस्था बदलते. सकाळी डॉक्टरांसमोर अगदी नीट बोलते, दुपारी ओळखू येत नाही. म्हणून 'आता बरी दिसतेय' यावर घरी न्यायचं नसतं. कागदामागे कोंडलेली बाई दिसणं, ती दिवसा बागेत रांगताना दिसणं, हा सगळा भाग या तिसऱ्या घरात जातो. आधी बायपोलर आजार किंवा मागच्या बाळंतपणात असा झटका आलेला असेल तर धोका बराच जास्त, हे गरोदरपणातच डॉक्टरांना सांगायचं. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. कथेत ती शक्यताच नाही, कारण काळ १८९२ चा.

*ई-४०१, रात्री ९:५८*
डॉक्टर ताई, मग 'बाळ हातातून पडलं तर', 'सुरी दिसली की नको तो विचार येतो' हे हल्लीच्या थ्रिलरमध्ये फार असतं. तो सायकोसिस का?

*सी-६०१ डॉक्टर, रात्री १०:०६*
बहुतेक वेळा नाही. असे नकोसे विचार पुष्कळ नव्या आयांना येतात. आईला स्वतःच त्याची भीती वाटते, ती सुरी लपवते, बाळाला एकटीने आंघोळ घालायचं टाळते. म्हणजे विचार तिच्या मनाविरुद्ध आहे. सायकोसिसमध्ये तोच विचार तिला पटलेला असतो, त्यामागे काहीतरी 'आदेश' किंवा 'कारण' असतं. हा फरक न कळल्यामुळे बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. सांगितलं तर बाळ काढून घेतील ही भीती. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१ सांगतं की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई-बाळ एकत्र ठेवणारा विभाग आहे.

*बी-३०२ काकू, रात्री १०:१७*
आपल्या सव्वा महिन्याची आठवण सगळ्यांना झाली असेल. म्हणून लिहिते. विश्रांती वाईट नाही. बाळंतिणीच्या खोलीत मालिश, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर असते, पण मुख्य म्हणजे बाळ कुशीत असतं आणि बायकांची ये-जा असते. मिचेलच्या पद्धतीत नेमकं हेच तोडलेलं होतं.

आपलं चुकतं ते दुसरीकडे. 'रडू नकोस, दूध आटेल.' 'घर भरलंय, तुला कसलं दुःख?' बाई दुसऱ्यांदा सांगतच नाही. आणि पाहुण्यांची ये-जा रात्रीची झोप मोडते. आणखी एक, विषयाला थोडं सोडून पण महत्त्वाचं : कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. दार-खिडकी लावलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. शेक द्यायचाच तर खिडकी उघडी, आणि शेक झाला की शेगडी बाहेर.

*सी-६०१ डॉक्टर, रात्री १०:२४*
काकूंच्या झोपेच्या मुद्द्यावर. नव्या आईला चोवीस तासांत एकदा तरी चार-पाच तास सलग झोप मिळेल अशी पाळी लावा. रात्री दहा ते दोन बाळ दुसऱ्याकडे, फक्त पाजायला आईकडे आणायचं, ढेकर आणि लंगोट दुसऱ्याने बघायचं. काढून ठेवलेलं दूध चालत असेल तर तेही वापरा. तुकड्यातुकड्यांची आठ तास झोप सलग पाच तासांची बरोबरी करत नाही.

डॉक्टरकडे गेलात की प्रसूतीनंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबर्ग प्रश्नावली मागा, १९८७ पासून जगभर वापरात आहे. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकी ० ते ३, एकूण ३०. बऱ्याच ठिकाणी १३ किंवा जास्त आले की पुढची तपासणी करतात, काही ठिकाणी १० लाच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा. त्याचं उत्तर शून्य नसेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. आई एकटी असताना भरून घ्या. सासू-नवरा शेजारी बसले की उत्तरं बदलतात. रक्तात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला सांगा, दोन्हींमुळे हुबेहूब असंच दिसू शकतं. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, तेव्हा 'पाजतेय म्हणून गोळी नको' असं घरच्यांनी परस्पर ठरवू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

*ई-४०१, रात्री १०:३१*
एक शंका. त्या काळी वॉलपेपरच्या रंगात आर्सेनिक असायचं म्हणतात. मग कागदानेच ती आजारी पडली असं वाचता येईल?

*ए-२०४ सर, रात्री १०:३६*
आर्सेनिक खरंच असायचं, हिरव्या रंगात तर फार. पण तो अर्थ घेतलास तर जॉन सुटतो, मिचेल सुटतो, दोष दुकानदाराचा होतो. कथेला ते पेलत नाही. 'वेड लागेल अशी गोष्ट' म्हणून एका डॉक्टरने तेव्हा बॉस्टनच्या वर्तमानपत्रात तक्रार केली होती. 'अटलांटिक मंथली'च्या संपादकांनी तर कथाच न छापता परत पाठवली होती. मी जसा खिन्न झालो तसं दुसऱ्यांना करणं मला माफ होणार नाही, असं कळवलं. दोघांनाही रोख कळलेला होता.

*डी-१०५ (अनुवाद), रात्री १०:४८*
अनुवादात एका शब्दावर चार दिवस अडले आहे, मदत करा. शेवटी ती भिंतीकडेने गोल गोल जाते, नवरा दार उघडून बघतो, बेशुद्ध पडतो, आणि तिला दर फेरीला त्याच्या अंगावरून जावं लागतं. त्या जाण्याला आधी 'सरपटणं' लिहिलं होतं. त्यात साप येतो, भीतीही येते. पण खोली मुलांची आहे. गज मुलांसाठी, फाटक मुलांसाठी. तिथे बाळाने रांगायचं, तर आई रांगतेय.

*बी-३०२ काकू, रात्री १०:५३*
'रांगणं'च ठेव. सरपटणं म्हटलं की वाचणारा तिच्यापासून दूर होतो.

*सी-६०१ डॉक्टर, रात्री १०:५५*
रांगणं. आणि सरांनी सांगितलेल्या पेन्सिलीच्या खुणा तिथेच येऊन मिळतात.

*डी-१०५ (अनुवाद), रात्री ११:०२*
ठीक, 'रांगणं' सगळीकडे, बागेतल्या बाईलाही. 'जेन'चं काय करू? शेवटी ती म्हणते, तू आणि जेन आडवे आलात तरी मी बाहेर पडले. जेन आधी कुठेच नाही. काही जण जेनीच्या नावाची छपाईची चूक म्हणतात, काही म्हणतात ते निवेदिकेचं स्वतःचंच नाव.

*ए-२०४ सर, रात्री ११:०६*
आहे तसंच ठेवा. तळटीपही नको. वाचकाला तिथे थबकू द्या.

*डी-१०५ (अनुवाद), रात्री ११:०८*
बरं. मसुदा गुरुवारी इथे टाकते. काकू, टॉनिक आणि कॉडलिव्हरचा परिच्छेद तुम्ही एकदा तपासून द्या.