64 पेसोंत दिवस निघतो का? फिलिपिनो ताट, काटकसर आणि आपले सल्ले

पांगारा

गेली नऊ वर्षं आम्ही फिलिपिन्समध्ये, मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीत राहतो. परवा इथल्या चार मराठी घरांचं जेवण होतं आणि पुन्हा तोच विषय निघाला. "हे लोक तीन वेळा भात खातात, पुडीपुडीने सामान आणतात, मग हातात पैसा राहणार कसा?" मला ते फार लागलं. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी निमित्त सांगते. ऑगस्ट 2024 मध्ये नियोजन खात्याचे प्रमुख आर्सेनियो बालिसाकान यांनी सिनेटपुढे सांगितलं की दिवसाला माणशी 64 पेसो खाण्यावर खर्च करू शकणारा माणूस सरकारी मोजणीत 'अन्न-गरीब' धरला जात नाही. पाच जणांच्या कुटुंबाला महिन्याला 9,581 पेसो, हा 2023 चा आकडा, त्यातून हे निघालं. म्हणजे एका जेवणाला 21 पेसो, आपले तीसेक रुपये. लोक भयंकर चिडले. मग नोव्हेंबर 2025 मध्ये व्यापारमंत्री क्रिस्तिना रोके म्हणाल्या की नाताळच्या मध्यरात्रीचं जेवण, नोचे बुएना, चार जणांना 500 पेसोंत होतं. पुन्हा तोच संताप. आणि दोन्ही वेळा आपल्यातल्या काहींचं म्हणणं होतं की नीट हिशेब ठेवला तर का नाही होणार?

हिशेब कसा ठेवतात ते मी रोज बघते. आमच्या शेजारी एक आते राहतात (मोठ्या बहिणीला इथे आते म्हणतात). घरात सहा माणसं. नवरा ट्रायसिकल (साइडकार जोडलेली मोटारसायकल, इथली रिक्षा) चालवतो, मोठी मुलगी मॉलमध्ये कामाला. तिचा पगार 15 आणि 30 तारखेला. त्याआधीच्या तीन-चार दिवसांना इथे नावच आहे, 'पेत्सा दे पेलिग्रो', धोक्याच्या तारखा.

अशाच एका 28 तारखेला मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होते. सार्डिनचा एक छोटा डबा, एक दोडका (इथे पातोला म्हणतात), लसणाच्या चार पाकळ्या आणि मिसुआ, म्हणजे गव्हाच्या केसासारख्या बारीक खारट शेवया. लसूण परतला, मासा हाताने कुस्करून घातला. मग रिकाम्या डब्यात पाणी घालून तो तीनदा हिसळला आणि ते लालसर पाणीही पातेल्यात. दोडका शिजत आल्यावर मिसुआ. बघता बघता पातेलं काठोकाठ फुगलं. सहा जणांचं कालवण झालं आणि एक वाटी सकाळसाठी झाकून ठेवली. सकाळी रात्रीच्या भाताला लसणाची फोडणी द्यायची, सिनांगाग करायचा, त्याबरोबर ती वाटी. आपला फोडणीचा भात तरी वेगळा काय असतो?

कालवण चाखून आते म्हणाल्या, "प्वेदे ना." चालेल, भागलं. त्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा असतो.

ज्या बाईला एक डबा मासळी सहा ताटांत नेता येते, तिला तुम्ही-आम्ही काटकसर शिकवू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. कमी पडतो तो पैसा.

हिशेबनीस

ताई, तुमची तळमळ पोचली. पण मुद्दा सोडू नका. मी मकातीत हिशेबाचंच काम करतो आणि पुड्यांच्या खरेदीबद्दल माझं मत ठाम आहे. 'तिंगी', म्हणजे ही सुटी खरेदी, गरिबाला लुटते. सारी-सारी दुकानात (गल्लीतलं छोटं किराणा दुकान) तेल प्लास्टिकच्या इवल्याशा पिशवीत मिळतं, व्हिनेगर तसंच, लसूण सुटा, मसाल्याचा एक क्यूब, कॉफीचं एक पाकीट. अशा पिशव्यांनी लिटरभर तेल भरून पाहा, बाटलीपेक्षा चांगलेच जास्त पैसे जातात. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच महाग पडतं, हे तुम्हालाही मान्य व्हावं.

उपायही त्यांच्याकडेच आहे. पालुवागान म्हणजे आपली भिशीच. दहा बायका दर आठवड्याला पैसे जमा करतात आणि पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम मिळते. त्यातून पाच घरांनी मिळून तांदळाचं पोतं आणि तेलाचा डबा घ्यावा. हे सांगणं म्हणजे आगाऊपणा कसा?

पांगारा

आगाऊपणा नाही, दादा. पण पोतं ठेवायचं कुठे? त्यांची खोली दहा बाय बारा आणि ओढ्याच्या बाजूची. 2009 च्या सप्टेंबरात ओंदॉय वादळ आलं तेव्हा मनिला आणि मारिकिना भागात घरांच्या छतापर्यंत पाणी चढलं होतं. त्या आठवणीने आजही तिथे कोणी धान्य जमिनीवर साठवत नाही. फ्रिज नाही. नवऱ्याच्या हातात संध्याकाळी येतील तेवढेच पैसे, ते कधी 400, कधी 250.

पालुवागान त्या खेळतात. ते पैसे मुलांच्या शाळेला आणि पत्र्याच्या छपराला जातात. तेलात घालायला उरत नाहीत.

दवाओहून

मी दवाओमध्ये मेडिकलला आहे, सध्या क्लर्कशिप चालू आहे. इथे आम्ही महाराष्ट्रातली बरीच मुलं आहोत. पांगाराताई, मला तुमच्याशी वाद घालायचा आहे, कारण या काटकसरीची किंमत आम्हाला वॉर्डात दिसते.

दोन वाट्या भात आणि त्यावर अर्धी सुकी मासळी, तुयो. किंवा भातावर इन्स्टंट नूडल्स, म्हणजे पिठावर पीठ. बाजूला सोया सॉस, पातिस (माशाचं खारं पाणी), बागूंग (आंबवलेल्या मासळीची खारी चटणी). पोट भरतं, शंकाच नाही. पण चाळिशीत रक्तदाब, पन्नाशीत मधुमेह आणि पुढे डायलिसिस. दुसऱ्या टोकाला पाच वर्षांखालच्या साधारण चार मुलांतलं एक वयाच्या मानाने खुजं. एकाच घरात आजीला साखर आणि नातू खुरटलेला, असं मी पाहिलं आहे. त्या आजीच्या पायाची जखम मी तीन आठवडे धूत होतो.

2017 मध्ये सिनेटर सिंथिया व्हिलार यांनी हॉटेलांतला 'अनली राइस', म्हणजे हवा तेवढा भात, बंद करावा असं म्हटलं. एवढा ओरडा झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. पण मूळ काळजी चुकीची होती का? सरकारच्या 'वालांग गुतोम' योजनेत कुटुंबाला महिन्याला 3,000 पेसोंचं अन्नकार्ड मिळतं आणि त्यात निम्मे धान्याला, 30 टक्के प्रथिनांना, 20 टक्के भाजी-फळांना अशी वाटणी ठरलेली आहे. म्हणजे नुसते पैसे वाढवून भागत नाही, ताटही बदलावं लागतं, हे त्यांनाही पटलेलं आहे. 'भाताचा हिशेब बरोबर आहे' असं आपण म्हणत राहिलो तर त्या आजीला मी काय सांगू?

अळूवडी

मी रत्नागिरीची, सध्या बिकोलमध्ये नागा शहरात. दवाओहून, तुमचं मिठाबद्दलचं म्हणणं मान्य. भाताबद्दलचं अर्धंच मान्य.

अहो, भात गिळायला काहीतरी तिखट, आंबट, खारट लागतंच. कोकणात आम्ही दुसरं काय केलं? पेज आणि भाजलेला बांगडा, भात आणि जवळ्याची चटणी. उलाम (कालवण) थोडं आणि कानिन (भात) जास्त, हे गरिबीतून आलेलं गणित आहे. मासा स्वस्त झाला तर भात आपोआप कमी होईल.

आणि तुम्ही हिरवा पाला विसरलात. इथे शेवगा, मालुंगाय, कुंपणाला असतो आणि शेजारच्या झाडाची डहाळी तोडली तर कोणी रागावत नाही. रताळ्याचा पाला आहे, कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजी आहे. शुक्रवारी मूग. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य म्हणून ही पद्धत पडली, पण आता शुक्रवार म्हणजे मोंगोच. हिरवे मूग मऊ शिजवायचे, लसूण-कांदा-टोमॅटोवर परतायचे, वर मूठभर शेवग्याचा पाला आणि जमलं तर चिमूटभर सुके दिलिस मासे. यात काय कमी आहे ते सांगा.

बिकोलचं लाइंग तर मला माहेरी नेतं. सुकवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात, मिरची आणि थोडा बागूंग घालून, हलवायचं नाही, मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजवायचं. आमच्या घरमालकीणबाई सिनिगांगला साधं पाणीही घेत नाहीत, तांदळाचं दुसरं धुवण घेतात. चिंचेच्या आंबट रश्शाला त्याने दाटपणा येतो. पहिलं धुवण झाडांना. वाया जाताना दिसलं की लगेच "सायांग!", अरेरे, फुकट गेलं.

टोंडोत तीन वर्षं

सगळ्यांचं वाचलं. मी मनिलाच्या टोंडो भागात मुलांच्या शिकवणीचं काम करत होते. मला भीती वाटते ती या कौतुकाची.

तिथे 'पागपाग' असतं. शब्दाचा अर्थ झटकणे. फास्ट फूडच्या हॉटेलांनी टाकलेल्या कोंबडीचे उरलेले तुकडे कचऱ्यातून वेचतात, झटकतात, धुतात, उकळतात आणि पुन्हा तळून किंवा रस्सा करून विकतात. माझ्या वर्गातली एक मुलगी डब्यात ते आणायची आणि डबा उघडताना झाकणाची आडोशासारखी भिंत करायची. तीही काटकसरच आहे ना? 'कशातही भागवतात बिचारे' हे वाक्य आपण जितक्या प्रेमाने म्हणतो, तितक्याच सहजपणे मंत्री 64 पेसो म्हणतात.

पांगारा, तुम्ही तसं म्हटलं नाहीत हे मला कळतं. पण हिसळलेल्या डब्याची गोष्ट वाचून कुणीतरी नक्की म्हणेल, 'बघा, होतं की!'

पांगारा

हे वाचून थांबले. लिहिताना माझ्या मनात आतेंबद्दलचा आदर होता. पण तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. त्यांच्या घरात त्या दिवशी सगळ्यात शेवटी त्या स्वतः जेवल्या आणि त्यांच्या ताटात मासा नव्हता, रस्सा होता. हे मी वर लिहायला हवं होतं.

निफाडकर

बाजारभावाकडे कोणी बघणार आहे का? मी कांदा पिकवणारा माणूस. जानेवारी 2023 मध्ये मनिलात कांदा किलोला 600 पेसोंच्या पुढे गेला होता, मांसापेक्षा महाग. विमानातले कर्मचारी आखातातून सामानात कांदे आणताना पकडले गेले. आणि पुढच्याच महिन्यात आमच्याकडे भाव असा पडला की काढणीचा खर्च निघेना. मी दोन ट्रॉल्या शेतातच सोडल्या. तिकडे बाई एक पाकळी लसूण मोजून घालते आणि इकडे माझा माल सडतो. मधे आयातीचे परवाने, साठेबाज, दोन्हीकडची उशिरा जागी होणारी सरकारं. भाताचंही तेच. जुलै 2023 मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, सप्टेंबरात फिलिपिन्स सरकारला साध्या तांदळावर किलोला 41 पेसोंची मर्यादा घालावी लागली, आणि ऑक्टोबरात भारताने त्यांच्यासाठी 2,95,000 टनांची खास परवानगी दिली. अशा वेळी त्या आजीने ताट कसं बदलायचं, डॉक्टर?

सेबूवासी

ताट बदलायचं तर मका आहे. सेबूत आणि मिंदानावच्या बऱ्याच भागात पांढऱ्या मक्याच्या कण्या भातासारख्या शिजवून खायची जुनी पद्धत आहे. पोटात जास्त वेळ राहतात. पण पोरांना वाटतं ते गरिबांचं खाणं. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीचं हेच झालं होतं, आणि आता भाकरीची थाळी महाग मिळते. 1 मे 2025 पासून सेबूतून 20 पेसो किलोचा सरकारी तांदूळ सुरू झाला. चांगलंच आहे, पण तशीच सवलत मक्याला मिळाली असती तर मला जास्त आनंद झाला असता.

दवाओहून

निफाडकर काका, तुम्हाला उत्तर द्यायला मी अजून लहान आहे. पण एक करून बघणार आहे. पेशंटला 'भात कमी करा' म्हणण्याआधी विचारेन की भाताबरोबर काय होतं, आणि ते कितीला आलं. मिठाबद्दल मात्र बोलत राहणार. पातिसची बाटली ताटाजवळून उचलून कपाटात ठेवली तर पैसे लागत नाहीत.

हिशेबनीस

मी अजून माझ्या जागीच आहे. मनिलात किमान मजुरी जुलै 2025 मध्ये दिवसाला 695 पेसो झाली. एकाच्या मजुरीवर सहा जणांनी भागवायचं तर पुडीमागे जाणारा प्रत्येक पेसो वाचायलाच हवा. ताई, तुमच्या आतेंनाच विचारा ना. मंत्र्यांचे ते 500 पेसो एकदम हातात आले, तर त्या काय घेतील? माझा अंदाज, तांदूळ आणि तेलाची मोठी बाटली.

पांगारा

विचारलं. आज सकाळी आम्ही दोघी पांदेसाल (इथले पाव) आणायला गेलो तेव्हा.

म्हणाल्या, आधी कोपऱ्यावरच्या दुकानातली उतांग (उधारी) फेडेन, 340 आहे. वहीतली ओळ खोडली गेली की पुढच्या 28 तारखेला पुन्हा नाव लिहिता येतं. पावसात दोन दिवस ट्रायसिकल बंद होती तेव्हा तांदूळ त्याच वहीवर आला होता. तेलाची मोठी बाटली विकणारं दुकान वही ठेवत नाही.

उरलेल्या 160 ची अंडी, आणि सगळ्यात धाकट्यासाठी एक केळ्यांची फणी. मी म्हटलं, आणि तेल? तर म्हणाल्या, तेल पिशवीतलंच. बाटली ओट्यावर दिसली की सगळे सढळ हाताने ओततात. पिशवी संपली की त्या दिवसाचं तळण संपलं.